सुरक्षा सप्ताहातली विधवा

मार्च लागला की माझा फोन वाजायला लागतो. गच्चीवर कुरडया वाळत घालाव्यात, शेजारच्या मुलाची दहावी म्हणून टीव्हीचा आवाज बारीक करावा, दारातल्या कडुनिंबाची पानं झाडता झाडता कमरेचा काटा ढिला व्हावा, असे हे दिवस. आणि नेमक्या याच दिवसांत चाकणच्या कंपन्यांना माणसाच्या जिवाची आठवण होते. गेटवर सुरक्षा सप्ताहाचे हिरवे-पांढरे फलक चढतात. वर्षभर ज्याला ‘माल किती काढला’ याशिवाय दुसरं काही विचारलं नाही, त्या माणसाला या आठवड्यात ‘घरी तुमची कुणीतरी वाट बघतंय’ असं सांगायचं असतं. साहेबांना ते सांगता येत नाही, जीभ अडखळते. मग आम्हाला बोलावतात. आम्ही म्हणजे पथनाट्यवाले.

परवा सकाळीही फोन आला. एका कंपनीच्या एचआरमधली मुलगी होती. आवाजावरून नोकरीला नुकतीच लागलेली वाटत होती, कारण अजून ‘प्लीज’ म्हणत होती.

“मॅडम, आमचे सीनियर सर सांगत होते की पूर्वी तुमच्या ग्रुपमध्ये एक बोटं तुटलेला माणूस होता. म्हणजे खरा. ओरिजिनल. यंदा तोच पाहिजे म्हणतात, प्लीज. सर ट्रेनी असताना त्यांनी बघितला होता. सगळं खूप इमोशनल झालं होतं म्हणे.”

“त्यांचं नाव सांगितलं का तुमच्या सरांनी?”

“नाही मॅडम. फक्त हात.”

मी म्हटलं, विचारून संध्याकाळी कळवते. कुरडयांवरचा कावळा हाकलला आणि तिथेच गच्चीच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहिले. राग यायला हवा होता, तो आलाही. पण त्याच्या आधी त्या मार्चचा वास आला. मशीनवर ओतायच्या कूलंटचा आंबूस वास, टेम्पोतल्या तापलेल्या पत्र्याचा वास, आणि माझ्या कपाळावर रोज फिसकटणाऱ्या नकली कुंकवाचा.

त्या मार्चमध्ये मी रोज विधवा होत होते, कारण प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं सप्ताह धरायची आणि तो आम्हाला महिनाभर पुरायचा. सकाळी भोसरीत व्हायचे, जेवणाच्या सुट्टीत चाकणला, आणि दुसरी शिफ्ट सुरू होताना तळेगावच्या रस्त्यावर कुठेतरी. नुकतंच कॉलेज संपलेलं, नटी व्हायचं डोक्यात, आणि सांगवीतल्या घरी आईनं स्थळांचे फोटो उशीखाली ठेवलेले. आमच्या ग्रुपचे प्रमुख कानडे सर. एकेकाळी कंपनीत टर्नर होते, नाटकासाठी नोकरी सोडली, आणि त्यानंतर नाटकानं त्यांच्यावर जो सूड उगवला त्याचा वचपा ते आमच्यावर काढत होते. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, ढोलकीही तेच वाजवायचे. नाटुकलं साधं. एक कामगार हेल्मेट न घालता शिडीवर चढतो, पडतो, मरतो. मी धावत येते, रडते, बांगड्या फोडते. मग सगळे मिळून गाणं म्हणतात.

बांगड्यांवरून पहिल्याच दिवशी घोळ झाला. मी जीव तोडून बांगड्या फोडल्या, काचा उडाल्या, तर सेफ्टी ऑफिसर शिट्टी वाजवत पिवळ्या पट्ट्याच्या आत शिरला. “मॅडम, मॅडम! शॉप फ्लोअरवर काच? हाउसकीपिंगचं काय?” नवरा समोर मरून पडलेला, आणि मी झाडू घेऊन काचा गोळा करतेय. माझा मेलेला नवरा एक डोळा उघडून हळूच म्हणाला, “तिकडं शिडीखाली एक राहिली.” दुसऱ्या दिवसापासून मी बांगड्या फोडायच्याऐवजी एकेक काढून पिशवीत ठेवायला लागले. कानडे सर म्हणाले, हे जास्त करुण दिसतंय. “शैला, फक्त घाई करू नको. आधी हुंदका, मग बांगडी.” नटीचं पहिलं शिक्षण मला हे मिळालं.

फोन आला त्याच दिवशी दुपारी मला सांगवीतल्या एका हॉलमध्ये ‘अभिनयातलं करिअर’ या विषयावर नव्या मुलांशी बोलायचं होतं. हल्ली मला अशा ठिकाणी बोलावतात. केस पांढरे झाले आणि नाव मोठं झालं नाही की माणूस मार्गदर्शनासाठी योग्य होतो. समोर पोरंपोरी बसलेली. कुणी हिंजवडीत कॉल सेंटरला, कुणी चाकणला ट्रेनी, कुणी नुसतंच आरशासमोर. सगळ्यांच्या डोळ्यांत तीच ती ओली चमक. ती बघितली की मला कणव येत नाही, चीड येते. मी हळूहळू त्यांच्या डोळ्यांतलं ते पाणी आटवायला घेतलं.

“नोकरी सोडू का, मॅडम?” माणहून आलेल्या एका मुलीनं विचारलं. तिचा राजीनामा बहुतेक पर्समध्येच होता.

“सोड की. उपाशी माणसाचा आवाज फार छान लागतो, पहिले दोन महिने. नंतर तो फक्त उधार मागताना लागतो.”

पोरं हसली. ती हसली नाही. मग मी जरा माणसासारखं बोलले. शिफ्ट बदलून मागा, म्हटलं. रात्रपाळी घ्या, दिवसा तालमी करा, डोळ्यांखाली काळं येईल ते मेकअपनं झाकतं. स्वतःचा रंगाचा डबा ठेवा, दुसऱ्याच्या स्पंजनं तोंड पुसू नका, खरूज होते. सेफ्टी पिना नेहमी जवळ असू द्या. वेळेच्या आधी पोचा, कारण आपल्याशिवाय नाटक अडत नाही हे उशिरा पोचल्यावरच कळतं. आणि आपलं काम कितीही छोटं असो, बाकी सगळ्यांचे संवाद पाठ करा. कुणाला तरी सुट्टी मिळत नाहीच.

हे शेवटचं मला शिकवलं बालाजीनं.

बालाजी लातूरकडचा. भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये प्रेस मशीनवर होता. या मशीनला दोन बटणं असतात. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा दाब खाली येतो, म्हणजे हात आत अडकायचा प्रश्नच नको. पण दोन्ही हात बटणांवर ठेवले की पत्रा लावायला उशीर होतो, आणि उशीर झाला की माल कमी निघतो. त्यावर उपाय ठरलेला. एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचं. एक हात मोकळा. बालाजीच्या मशीनला ती पाचर सुपरवायझरनं स्वतः, हातोडी आणून ठोकली होती. ज्या दिवशी बालाजीची डाव्या हाताची तीन बोटं गेली, त्या दिवशी त्याला पिंपरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत कुणीतरी ती पाचर काढून टाकलेली होती.

कानडे सरांना तो कुठल्याशा चहाच्या टपरीवर भेटला. ग्लास उचलताना त्यांनी त्याचा हात बघितला आणि चहा संपायच्या आत त्याला नाटकात घेतला.

नाटुकल्याचा शेवट बदलला. आता माझं रडून झालं की गाण्याच्या आधी बालाजी पुढे यायचा. डाव्या हाताला उपरणं गुंडाळलेलं. तो म्हणायचा, “साहेबांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझीच होती.” आणि उपरणं सोडून हात वर करायचा. उन्हात बसलेली शिफ्टच्या शिफ्ट गप्प व्हायची. कॅन्टीनमधल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. एकदा एक जाडजूड फोरमन चक्कर येऊन बसला.

‘चूक माझीच होती’ हे वाक्य कानडे सरांचं नव्हतं. ते कंपन्यांचं होतं. स्क्रिप्ट आधी एचआरकडे जायची आणि तिथून येताना तिच्यात एवढीच एक सुधारणा व्हायची. मशीनची चूक चालत नाही, सुपरवायझरची तर अजिबातच नाही. पाचरीचा उल्लेख असलेली एक ओळ बालाजीनं स्वतः सुचवली होती. ती सरांनी ऐकून घेतली आणि सोडून दिली. त्यामुळे ज्याची बोटं गेली तो माणूस रोज तीनदा, अनोळखी लोकांसमोर, हात वर करून माफी मागत होता. मी शेजारीच पिशवीत बांगड्या भरत बसलेली असायचे. पहिल्या दोन दिवसांनंतर माझं रडणं खरं व्हायला लागलं. सर खूश झाले.

प्रयोग संपला की चहा आणि वेफर्स. मग ऑफिसातले लोक यायचे. माझ्याशी कुणी बोलत नसे, मेलेल्या नवऱ्याशीही नाही. सगळे बालाजीभोवती. कुणी विचारून, कुणी न विचारता त्याचा हात हातात घ्यायचे, उलटा-सुलटा करून बघायचे. एक साहेब तर बाजूला उभे राहून त्याला म्हणाले, “ज़रा ऊपर पकडो, फोटो में आना चाहिए.” बालाजीनं हात वर धरला. साहेबांनी फोटोत अंगठा दाखवला.

पण टेम्पोत बसला की बालाजी वेगळाच व्हायचा. माझ्या आख्ख्या आयुष्यात मी इतका हसवणारा माणूस बघितला नाही. त्या फोटोवाल्या साहेबांचं पोट, सेफ्टी ऑफिसरची शिट्टी, स्वतःच्या सुपरवायझरचं नाकात बोलणं, कानडे सरांचं ढोलकीआधी घसा खाकरणं. मागच्या फळीवर उभा राहून सगळं एकटा करायचा. आम्ही पत्र्यावर हात आपटत हसायचो. सरही हसायचे आणि मग, “पुरे झालं रे,” म्हणायचे.

एकदा मोशीच्या सिग्नलला टेम्पो अडकला होता. बालाजी सरकून सरांच्या जवळ बसला.

“सर, मला एक काम द्या की. बोलायचं काम.”

“रोज बोलतोयस की. सगळ्यात जास्त परिणाम तुझाच होतो.”

“त्ये काम न्हाई, सर. त्ये तर झालेलं हाय.”

 सरांनी त्याला सल्ला दिला. अगदी मनापासून दिला, हे त्यातलं सगळ्यात भयंकर.

“हे बघ बालाजी. या धंद्यात प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. कुणी आवाज आणतो, कुणी डोळे. ही शैला रडणं घेऊन आली. तुझ्याकडे हात आहे. लोक हात बघायला बोलावतात, तुला बघायला नाही. यात वाईट वाटून घ्यायचं नाही. जे आहे ते विकायचं. जोपर्यंत कारखाने आहेत तोपर्यंत तुला काम आहे.”

बालाजी “हाव सर” म्हणाला आणि मागे येऊन माझ्या शेजारी बसला. पुढे चाकणपर्यंत त्यानं कुणाचीच नक्कल केली नाही.

त्या वर्षी महिनाअखेरीला चिंचवडला कामगारांची एकांकिका स्पर्धा होती. कानडे सरांनी त्यात एक विनोदी एकांकिका घातली होती. जमीन कंपनीला गेलेलं चाकणकडचं एक कुटुंब, पोराचं लग्न ठरवायला आलेला मुलीचा फुशारक्या मारणारा मामा, आणि त्यातून होणारा गोंधळ. मी मुलीची आई. मामाचं काम करणारा जाधव कायम कामगार होता, पगार चांगला, हसू थोडं. स्पर्धा तोंडावर आली आणि जाधवच्या कंपनीत वर्षअखेरीचा माल पाठवायची घाई सुरू झाली. रजा बंद. जाधवनं फोनवर सरांना सांगितलं, सरांनी फोन आपटला, आणि तालमीसाठी जमलो होतो त्या आमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या मधोमध, बालाजीनं मामाचा पहिला संवाद म्हणायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला पूर्ण एकांकिका पाठ होती. माझेसुद्धा संवाद पाठ होते, आणि मी जिथे चुकत होते त्या जागाही.

आई जिन्यात उभी राहून “कुरडयांवर पाय देऊ नका रे” असं ओरडत होती ती ओरडायची थांबली. ऐकायला वर आली. पदर तोंडात कोंबून हसायला लागली.

सर म्हणाले, “ठीक आहे. पण एक गोष्ट. शेवटच्या प्रवेशात मामाचं पितळ उघडं पडतं, तेव्हा तू हात वर काढायचा. हसता हसता एकदम शांतता. बक्षीस कुठे जात नाही.”

“सर, हात न्हाई काढायचा.”

“का?”

“मामाचा हात कशाला तुटंल, सर? मामा कुठं प्रेसवर होता?”

 सरांना दुसरा मामा मिळणार नव्हता. “ठेव खिशात,” ते म्हणाले, “पण वेळ पडली तर मी खूण करीन. तेव्हा काढायचा.”

माझ्या बाबांचा लग्नातला कोट होता, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. बालाजीनं तो घातला, डावा हात खिशात घातला, आणि मामा तयार झाला. पोट पुढे, मान वाकडी, उजव्या हातानं हवेत एकर मोजतोय. खिशातला हात इतका ऐटीत की त्यात सातबाराच असावा. आम्ही आठवडाभर तालीम केली. दिवसा कंपन्यांत तो हात वर करून माफी मागायचा आणि संध्याकाळी आमच्या गच्चीवर तोच हात खिशात घालून लोकांना उल्लू बनवायचा. मी दोन्ही बालाजी रोज बघत होते. मला वाटायचं, यातला एक जिंकलाच पाहिजे. देवाला असं काही मी त्याआधी आणि त्यानंतर कधी मागितलं नाही, नवरासुद्धा नाही.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृह कामगारांनी भरलेलं. पडद्याच्या फटीतून बघितलं तर ओळखीचे चेहरे दिसायला लागले. त्या आठवड्यात ज्या कंपन्यांत आम्ही गेलो होतो तिथलेच लोक. तो चक्कर आलेला फोरमनही दुसऱ्या रांगेत, बायकोपोरांसकट. मला वाटलं, आता बालाजी बाहेर पडला की कुणीतरी ओरडणार, अरे हा तर तोच.

कुणी ओरडलं नाही. बालाजी रंगमंचावर गेला, पहिल्या वाक्याला हशा, दुसऱ्याला टाळ्या. फोरमनची बायको हसता हसता पुढच्या खुर्चीवर डोकं टेकवून बसली. आठवडाभर ज्याच्या हाताकडे बघून ही माणसं रडली होती, त्याचा चेहरा त्यांच्यातल्या एकालाही आठवत नव्हता. मला हे मुलीच्या आईचे संवाद म्हणता म्हणता, तिथेच रंगमंचावर कळलं. मी एक वाक्य विसरले. बालाजीनं ते मामाच्या तोंडी घालून सावरून घेतलं.

बक्षीस मिळालं नाही. निकालानंतर परीक्षकांनी एकेका संघाला रंगमंचावर बोलावून मार्गदर्शन करायला सुरुवात केली. आमच्या वेळी जे बोलले ते मोठे जाणकार होते, शब्द तोलून बोलणारे, रेशमी झब्बा. नाटक उथळ आहे म्हणाले, नेपथ्य गरीब आहे म्हणाले. मग बालाजीकडे वळले.

“मामांचं काम करणारे आपण ना? आपल्याकडे गुण आहेत. पण आपण अर्ध्या शरीराने अभिनय केलात. संपूर्ण एकांकिकेत आपला डावा हात खिशात होता. एकदाही बाहेर आला नाही! हात कुठे ठेवायचे हे नवख्या नटाला कळत नाही, म्हणून तो ते खिशात कोंबतो. याला अभिनय म्हणत नाहीत, आळस म्हणतात. आताही बघा, अजून खिशातच आहे.”

प्रेक्षक हसले. सगळ्यात मोठ्यानं फोरमन हसला.

मी विंगेकडे बघितलं. तिथे कानडे सर दोन्ही हातांनी वेड्यासारखी खूण करत होते. काढ. आता काढ. वर कर. आणि ते बरोबर होते. त्या क्षणी हात वर गेला असता तर परीक्षकाचं तोंड पांढरं पडलं असतं, नाट्यगृह उभं राहिलं असतं, एखादं खास बक्षीस तिथल्या तिथे जन्माला आलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मला स्वतःला तो झब्बेवाला चिरडलेला बघायचा होता. मी बालाजीला कोपरानं ढोसलं.

कोटाच्या खिशात काहीतरी हललं. मग थांबलं.

“हाव सर,” बालाजी म्हणाला, “वाईट सवय हाय. मोडतो.” आणि मान खाली घालून त्यानं नमस्कार केला, एका हातानं. परीक्षकांनी तो अर्धा नमस्कारही बघितला आणि समाधानानं मान हलवली, की बघा, म्हटलं नव्हतं?

बाहेर आलो तर सर दारातच उभे होते. “गाढवा! ताटात वाढून दिलं होतं त्यांनी. बक्षीस घालवलंस तू, माझं, सगळ्यांचं!” ते तसेच निघून गेले. मला वाटलं बालाजी आता रडणार. रडण्यातली मी तज्ज्ञ, तयारीत राहिले. समोरच्या रसवंतीवर आम्ही दोघं उभे राहिलो. त्यानं कोटाच्या खिशातून हात बाहेर काढला, उसाच्या रसाचा ग्लास राहिलेल्या दोन बोटांत धरला, आणि त्याचा चेहरा असा काही फुलला की रसवालाही बघत राहिला.

“आळशी म्हणलं ओ ताई मला!” तो म्हणाला. “ऐकलं न्हवं तुमी? एवढा मोठा माणूस. बिचारा न्हाई म्हणला, आळशी म्हणला!”

दुसऱ्या दिवशी पेपरात आमचं नाव कुठेच नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये बालाजी पथनाट्याला आला नाही. सरांनी नवा माणूस आणला, त्याचा अंगठा गेलेला होता. भोसरीत असा माणूस शोधायला फार दिवस लागत नाहीत. सर गेल्यावर ग्रुप माझ्याकडे आला, तेव्हा मी तो शेवट काढून टाकला. काही कंपन्यांनी आम्हाला बोलावणं बंद केलं.

हे सगळं मी सांगवीच्या हॉलमधल्या पोरांना सांगितलं. त्यांना वाटलं आता शेवट गोड येणार, बालाजी मोठा नट झाला असणार. नाही झाला. एका मालिकेत त्याला बोलावलं होतं, तिथे हात बघून भिकाऱ्याचं काम दिलं, तो परत आला. चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला आहे, बायको आहे, मुलगी आहे. दर वर्षी कामगारांच्या स्पर्धेत एक काम करतो. हात कधी खिशात, कधी कडेवरच्या बाहुलीखाली, कधी वर्तमानपत्राआड. त्याला एकदा उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षक बदलतात, शेरा बदलत नाही, डाव्या हाताकडे लक्ष द्या.

“मग आम्ही यातून काय घ्यायचं?” राजीनामावाल्या मुलीनं विचारलं. ती चिडली होती, ते मला आवडलं.

“तुझं काय मोडलंय ते कुणाला दाखवू नको,” मी म्हटलं. “गिऱ्हाईक लगेच मिळतं, आणि मग ते दुसरं काही घेत नाही. दाखवायचंच असेल तर असं काही दाखव, की तुला आळशी म्हणता येईल.”

टाळ्या तुरळक पडल्या. मी घरी आले, कुरडया गोळा केल्या आणि बालाजीला फोन लावला. त्याची दुसरी शिफ्ट होती, मागे फोर्कलिफ्टचं पीं-पीं चाललं होतं. कंपनीचं बोलावणं सांगितलं. ओरिजिनल हा शब्दही सांगितला. लपवून काय करायचं?

 तो त्या नाकात बोलणाऱ्या सुपरवायझरच्या आवाजात म्हणाला, “ताई, त्यांना सांगा, त्यो माणूस वारला.”

“बालाजी!”

“खरं तेच सांगायलोय. त्याला जाऊन लई वर्सं झाली. तुमच्याच गच्चीवर गेला की त्यो.” आणि हसायला लागला. मीही हसले. हसता हसता माझे डोळे भरून आले, आणि या वेळी आधी हुंदका की आधी बांगडी हे बघायला कुणी नव्हतं.

मग मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, वाईट वाटतंय सांगायला, पण ते गृहस्थ आता नाहीत.

“ओ गॉड,” ती म्हणाली. खरंच वाईट वाटलं असावं तिला. “ॲक्सिडेंट का, मॅडम?”

“हो. कंपनीतलाच.”

 मागे कुणाशी तरी ती हळू आवाजात बोलली. मग तिचा आवाज परत आला. आता त्यात काळजी होती आणि एक उमेदही होती.

“मॅडम, मग त्यांच्या मिसेस येऊ शकतील का, प्लीज? सर म्हणतायत, ते जास्तच इमोशनल होईल. ओरिजिनल आहेत ना त्या?”

समोरच्या खुंटीवर माझी बांगड्यांची पिशवी लटकत होती.

“अगदी ओरिजिनल,” मी म्हटलं. “येतील. रडतात फार छान.”